झाकली मूठ

गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या संध्याकाळी, आमच्या स्वयंपाकघरात एक प्रसंग घडला. प्रसंग म्हणावा इतका तो मोठाही नव्हता. आई पाटावर बसून करंज्यांच्या कडा कातत होती, वहिनी चकल्यांचा घाणा काढत होती, आणि पुण्याहून सुट्टीला आलेली पुतणी ओट्याच्या कोपऱ्यावर लॅपटॉप ठेवून कुठलीशी अमेरिकन मालिका पाहत होती. मी मधून मधून येऊन ताज्या चकलीची परीक्षा करून जात होतो. कादंबरीकाराला स्वयंपाकघरात याहून मानाचे काम कुणी देत नाही.

मालिकेचे नाव 'व्हेन वी राइज'. डस्टिन लान्स ब्लॅक या लेखकाची ही मालिका २०१७ साली अमेरिकेतल्या ए. बी. सी. वाहिनीवर झाली. पुरुषावर प्रेम करणारे पुरुष आणि स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रिया यांनी त्या देशात माणसासारखे जगण्याचा हक्क कसा मागितला आणि कसा मिळवला, याची गेल्या अर्धशतकाची कथा तीत आहे. पडद्यावर दोन पुरुष एकमेकांचा हात धरून रस्त्याने चाललेले दिसले, तशी वहिनी झारा हातात घेऊनच मागे वळली.

"बंद कर गं ते. घरात चार माणसं आहेत."

पुतणी हसून म्हणाली, "आई, चारही आपलीच आहेत की!"

वहिनीला यावर काही सुचले नाही. आई मात्र मान वर न करताच म्हणाली, "असतं गं एकेकाचं. आमच्या वेळी नव्हतं का? पण कुणी बोलत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

लॅपटॉप मिटला. कुणी रागावले नाही, कुणी रुसले नाही. चकल्यांचा पुढचा घाणा तेलात गेला आणि बोलणे आकाशकंदिलाच्या दिव्यावर आले. पण आईचे ते वाक्य माझ्या डोक्यातून काही केल्या जाईना. ही म्हण मी शाळेत पंचवीसेक वेळा तरी शिकवली असेल. 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' असा प्रश्न घालून तिचे गुणही वाटले असतील. पण सव्वा लाख कुणाचे आणि मूठ कुणाची, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

म्हणीवर एकदम रुसू नये. तिच्यात पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव साठलेला असतो. आपली घरे लहान, भिंती पातळ आणि माणसे पुष्कळ. अशा घरात न बोलणे हीच एक भिंत असते. दिराचे कर्ज, नणंदेचे मोडलेले लग्न, सासऱ्यांचे दुखणे यांविषयी घरात सगळ्यांना सगळे ठाऊक असते, आणि तरी कुणी काही बोलत नाही, म्हणूनच दुसऱ्या दिवशी सगळे एका पंगतीला बसू शकतात. जे घर सगळेच बोलून दाखवते त्या घरात दोन दिवसही राहवणार नाही. मौनाने आपल्याकडे पुष्कळांना आडोसा दिला आहे, आणि ज्यांच्याविषयी मी आज लिहितो आहे त्यांनाही दिला आहे.

आई 'आमच्या वेळी' म्हणाली तेव्हा तिच्या मनात कोण होते ते मला ठाऊक होते. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत दोघी जणी एका खोलीत राहत. एक नर्स होती, दुसरी घरी शिवणकाम करी. दोघींची लग्ने झालेली नव्हती. गल्लीतली सगळी मुले दोघींनाही मावशीच म्हणत. एक मोठी मावशी, एक धाकटी. नर्स मावशीची रात्रपाळी असली की शिवणकामवाली मावशी डबा घेऊन तिला चौकापर्यंत पोचवायला जाई. त्यांच्या दारात एकच तुळस होती आणि दिवाळीला एकच कंदील लागे. त्या एकमेकींच्या कोण होत्या हे गल्लीने कधी विचारले नाही. आज मीही त्यावर तर्क करणार नाही. तो अधिकार मला नाही. तीस वर्षे गल्लीने मूठ झाकून ठेवली आणि त्या झाकल्या मुठीच्या उबेत दोन आयुष्ये सुखाने गेली. म्हणीचे एवढे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

पण मग शिवणकामवाली मावशी वारली. गावाहून तिचा पुतण्या आला. त्याला यापूर्वी आम्ही कधी पाहिले नव्हते. क्रियाकर्म त्यानेच केले, आणि ते रीतीला धरूनच होते. दिवस झाल्यावर त्याने शिवणयंत्र टेम्पोत घातले आणि खोलीला कुलूप लावले, कारण खोली मावशीच्या नावावर होती. त्या तेरा दिवसांत नर्स मावशी शेजारच्या बायकांत बसलेली असे, जणू तीही चौकशीलाच आलेली एक शेजारीण. तिला कुणी काही बोलले नाही. कुणी काही विचारलेही नाही. काय म्हणून विचारणार? ज्या नात्याला तीस वर्षे नावच दिले नव्हते, ते गेल्याचे सांत्वन तरी कसे करायचे? एका सकाळी एक ट्रंक आणि एक वाकळ घेऊन ती रिक्षात बसली. वाकळ तिच्या मैत्रिणीनेच शिवलेली होती. पुतण्याने तेवढी नेऊ दिली.

मौनाचा हिशेब मला त्या दिवशी कळायला हवा होता. पण मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, आणि कळण्याच्या वयात आल्यावरही तो मला कळला नाही. ते मी पुढे सांगणारच आहे.

अशा विषयावर बोलणे हे पाश्चात्त्यांकडून आलेले नवे वेड आहे, असे पुष्कळांना वाटते. वहिनीलाही तसेच वाटते. आपल्याकडचा एक खटला मात्र याच्या उलट साक्ष देतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव हे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली त्यांना ती नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत, पदरमोड करून, ते चालवले. त्या मासिकात वाचकांच्या खाजगी प्रश्नांना ते उत्तरे देत. आपण त्या काळाकडे पाहून 'तेव्हा असले काही नव्हते' म्हणतो. पण प्रश्नांची पत्रे तर येत होती! ज्या गोष्टी आईबापांना, वैद्यांना, मास्तरांना विचारता येत नव्हत्या, त्या लोक एका अनोळखी संपादकाला विचारत होते.

या उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. ज्या प्रश्नोत्तरांवर बोट ठेवले गेले त्यांत समलिंगी आकर्षणाचाही विषय होता. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. पुणे करार होऊन अजून दोन वर्षेही झाली नव्हती. सगळ्या देशाच्या राजकारणाचे ओझे डोक्यावर असलेला हा माणूस एका लहानशा, तोट्यात चाललेल्या मासिकासाठी न्यायालयात उभा राहिला. लैंगिक विषयावर लिहिलेले सगळेच अश्लील ठरत नाही, लोक प्रश्न विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळाले पाहिजे, आणि तुम्ही ज्याला विकृती म्हणता तीही दूर व्हायची तर ज्ञानानेच होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. हॅवलॉक एलिससारख्या संशोधकाचा आधारही त्यांनी दिला. खटला हरला. कर्व्यांना दंड झाला. दंड भरून त्यांनी पुढचा अंक काढला.

ज्या बाबासाहेबांनी १९५० साली आमच्या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले, त्यांच्या चरित्रातले हे पान आमच्याच शहरात फारसे सांगितले जात नाही. निदान मला ते फार उशिरा कळले, आणि तेही नाटकामुळे. आमच्याच शहरातले नाटककार अजित दळवी यांनी कर्व्यांच्या खटल्यांवर 'समाजस्वास्थ्य' हे नाटक लिहिले. अतुल पेठे यांनी ते बसवले आणि गिरीश कुलकर्णी यांनी कर्व्यांची भूमिका केली. साल २०१७. म्हणजे ज्या वर्षी अमेरिकेत पुतणीची ती मालिका झाली, त्याच वर्षी मराठी रंगभूमीवर हे नाटक उभे होते. वहिनीला मी हे नंतर सांगितले. ती म्हणाली, "नाटकाचं वेगळं असतं हो." का वेगळे असते ते तिने सांगितले नाही.

नाटकाचेही तसे वेगळे नसते. १९८१ साली विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' रंगमंचावर आले. त्यातली सुमित्रा, जिला सगळे मित्रा म्हणतात, एका मुलीवर प्रेम करते. रोहिणी हट्टंगडी यांनी ती भूमिका केली होती. मित्राची कहाणी बापू सांगतो. तो तिचा मित्र. भला, हळवा, तिच्यासाठी धावणारा, आणि शेवटी तिला वाचवू न शकणारा. मित्रा आत्मनाश करून घेते. हे नाटक मी प्रथम वाचले तेव्हा मला मित्राची दया आली. पुढे एकदा वाचले तेव्हा बापूची भीती वाटली. हा माणूस कुठेतरी आपल्याला ओळखीचा आहे, असे वाटत राहिले. असो. आता माझी गोष्ट सांगतो. तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

२०१४ सालची दिवाळी. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला. वय चोवीस-पंचवीस. वाळूजच्या एका कारखान्यात चांगल्या नोकरीला लागला होता. वर्गात असताना हुशार नव्हता, पण निबंध मनापासून लिही. ताटलीतला लाडू नुसताच फोडत तो बराच वेळ बसला. मग म्हणाला, "सर, घरी मुली पाहताहेत."

"अरे वा! मग पेढे कधी?"

"सर, मला मुलींविषयी तसं कधी वाटलंच नाही. पुष्कळ प्रयत्न केला. मी काय करू?"

मी गप्प बसलो. तेव्हा तोच पुढे म्हणाला, "तुमची पहिली कादंबरी वाचलीय मी. त्यातला तो कारकून आठवतो."

त्या कादंबरीत एक कारकून आहे. तो लचकत चालतो, नाजूक बोलतो, आणि कचेरीतले सगळे त्याची टिंगल करतात. वाचकांना मधून मधून हसवावे म्हणून मी त्याला घातला होता. वाचक हसलेही, तशी पत्रे मला आली होती आणि मी ती जपून ठेवली होती. हा मुलगा मात्र ती पाने वाचून, ती मी लिहिली आहेत हे ठाऊक असून, माझ्या दारी आला होता. कारण विचारायला त्याला दुसरे कुणी नव्हते. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. 'तुम्हाला अशी माणसे असतात हे ठाऊक आहे, तेव्हा मला समजावून सांगावे लागणार नाही,' एवढेच त्याला म्हणायचे असावे.

मी त्याला काय सांगितले? तेच, जे आपण सगळे सांगतो. "अरे, लग्न झालं की सगळं ठीक होतं. आईवडिलांचा विचार कर. आणि हे कुणाजवळ बोलू नकोस." त्याने मान हलवली, उरलेला लाडू संपवला, पाया पडला आणि गेला. गेल्यावर मला हायसे वाटले. एका मुलाला सन्मार्गाला लावल्याचे ते समाधान होते, असे तेव्हा वाटले होते. आता वाटते, तो नुसता संकटातून सुटल्याचा सुस्कारा होता.

दोन महिन्यांनी पैठणकडचे एक गृहस्थ चौकशी करत आले. त्यांच्या मुलीसाठी या मुलाचे स्थळ चालले होते. "सर, मुलगा तुमच्या हाताखालचा. कसा आहे?" मी म्हणालो, "लाखात एक." पुढे जे जे सांगितले ते सगळे खरे होते. निर्व्यसनी, कष्टाळू, मायाळू. समाधानाने ते गृहस्थ उठले. जाताना म्हणाले, "मास्तरनं सांगितलं म्हणजे झालं."

लग्न झाले. दीड वर्षाने ती मुलगी माहेरी परतली ती कायमचीच. पुढे रीतसर काडीमोड झाला. कारण कुणी सांगितले नाही. मूठ झाकलेलीच राहिली. आणि कारण ठाऊक नसले की गाव स्वतःच कारण शोधते. 'मुलीतच काही खोट असेल' असे लोक म्हणाले. ती मुलगी ते ऐकत राहिली. तिने नवऱ्याविषयी एक शब्द बाहेर काढला नाही, असे मी पुढे ऐकले.

या प्रकरणात माझा अपराध नेमका कोणता, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या गृहस्थांना मी मुलाचे गुपित सांगायला हवे होते काय? नाही. ते माझे नव्हतेच. ते त्याचे होते, आणि विश्वासाने ठेवायला दिले होते. दुसऱ्याची मूठ आपण उघडू नये, हे मला आजही मान्य आहे. पण त्यांना 'लाखात एक' म्हणून दाखला न देणे माझ्या हाती होते. 'मुलाशी आणि मुलीशी एकमेकांशी मोकळेपणी बोलू द्या' एवढे म्हणणे माझ्या हाती होते. आणि त्याही आधी, फराळाची ताटली हातात धरून तो मुलगा 'मी काय करू' म्हणाला, तेव्हा उत्तर देणे माझ्या हाती होते. गुपित त्याचे होते. उत्तर माझे होते. कर्व्यांना उत्तर दिल्याबद्दल दंड झाला. मला उत्तर न दिल्याबद्दल कुणी दंड केला नाही. उलट मुलीकडच्यांनी लग्नात शाल आणि श्रीफळ दिले.

मला ठाऊक नव्हते, ही सबबही टिकत नाही. ठाऊक करून घेणे अवघड नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलिंगी असणे हे रोगांच्या यादीतून काढून टाकले होते. त्याच वर्षी मुंबईत अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढले आणि १९९४ साली 'हमसफर ट्रस्ट' उभा राहिला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांची 'समपथिक' ही संस्था २००२ पासून काम करत होती. या विषयावर त्यांनी साध्या मराठीत पुस्तके लिहिली होती. म्हणजे उत्तर आमच्या शहरापासून पाच-सहा तासांच्या एस. टी. प्रवासावर होते, आणि मराठीत होते. मी पुस्तकांच्या दुकानात आठवड्यातून दोनदा जाणारा माणूस. ती पुस्तके मला दिसली नाहीत, कारण मी ती शोधलीच नाहीत.

कायद्याची सबब मात्र तेव्हा होती, हे खरे. १८६० च्या दंडसंहितेतले ३७७ वे कलम दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी सज्ञान माणसांच्या खाजगी संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी ते पुन्हा जिवंत केले. तो मुलगा माझ्याकडे आला तेव्हा कायद्याच्या लेखी अशी माणसे पुन्हा गुन्हेगार ठरली होती. चार-साडेचार वर्षे दार उघडे ठेवायचे आणि मग लावून घ्यायचे, असे सरकारी कचेरीत पाहिले होते. माणसाच्या आयुष्याबाबतही तसे होऊ शकते, हे तेव्हा दिसले. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ते दार पुन्हा उघडले. या माणसांना आणि त्यांच्या कुटुंबांना जे सोसावे लागले त्याबद्दल इतिहासाने त्यांची क्षमा मागितली पाहिजे, अशा अर्थाचे शब्द न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी निकालपत्रात लिहिले. ते वाचताना मला प्रथम बरे वाटले आणि मग लाज वाटली. इतिहासाने क्षमा मागायची म्हणजे कुणी? इतिहासाला काही हात नसतात जोडायला. पैठणच्या त्या मुलीची क्षमा इतिहास मागणार आहे की मी?

कायद्याने सगळे होते असेही नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांना विवाहाचा हक्क देण्याचे नाकारले. ते काम संसदेचे, असे सांगितले. २०२४ साली केंद्र सरकारने काही सूचना काढल्या: एकत्र राहणाऱ्या अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एक कुटुंब धरावे, बँकेत संयुक्त खाते उघडण्यास अडवू नये, आणि जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावे. बातमी वाचताना माझ्यापुढे नर्स मावशी उभी राहिली. 'जवळचे नातेवाईक नसतील तर.' तिच्या मैत्रिणीला एक पुतण्या होता.

वसुबारसेनंतरच्या त्या दिवाळीकडे पुन्हा येतो. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आईने आपण होऊन पुतणीला विचारले, "परवा काय पाहत होतीस गं ते?"

पुतणीने मालिका लावली नाही. मालिकेत क्लीव्ह जोन्स नावाचा एक कार्यकर्ता आहे, तो खरा माणूस. त्याच्या कल्पनेतून निघालेल्या एका वस्तूचे छायाचित्र तिने आजीपुढे धरले. एड्सच्या साथीत अमेरिकेत हजारो तरुण गेले. कित्येकांच्या घरच्यांनी त्यांचे नाव घ्यायचे टाकले होते. तेव्हा मेलेल्या प्रत्येकाच्या नावाचा एक एक कापडी तुकडा, सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद, म्हणजे एका थडग्याएवढा, त्यांच्या मित्रांनी आणि काहींच्या आयांनीही शिवला. ते तुकडे जोडून केलेले प्रचंड कापड ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या मोठ्या मैदानावर अंथरले. त्या दिवशी त्यात १९२० तुकडे होते.

आईने चष्मा पुसून पाहिले. "ही तर वाकळच की गं! जुन्या कपड्यांचीच असंल?"

"त्यांच्याच कपड्यांची, आजी. कुणाच्या शर्टाची, कुणाच्या पँटची."

"आणि नावं कशाला लिहिली?"

"कुणी घेत नव्हतं म्हणून."

आई बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "शिवणाऱ्या मावशीच्या तेराव्याला आम्ही सगळ्या गेलो होतो. जेवून आलो. तिला मात्र, त्या नर्सबाईला, एकीनंही विचारलं नाही, 'बाई, तुम्ही जेवलात का?'" ती एवढेच बोलली आणि देवघरातली समई घासायला उठली. ऐंशी वर्षांच्या बाईने आपल्या म्हणीतली उणीव स्वतःच दाखवली होती. मी त्यात भर घालायचे कारण नव्हते. संध्याकाळी पूजा झाल्यावर स्वयंपाकघरात मालिका पुन्हा सुरू झाली. वहिनी म्हणाली, "आवाज जरा कमी ठेव." बंद कर म्हणाली नाही.

त्या रात्री मी माझ्या विद्यार्थ्याला पत्र लिहिले. तो आता पुण्यात असतो. २०१९ साली त्याने आईवडिलांना स्वतःच सगळे सांगितले. वडील वर्षभर बोलले नाहीत. आता दर रविवारी फोन करतात आणि पाऊसपाण्याचे बोलतात. पत्रात मी त्याला जे २०१४ साली सांगायचे होते ते लिहिले: तुझ्यात काही बिघडलेले नाही, हा रोग नव्हे आणि पापही नव्हे, कुणाला सांगायचे आणि कधी सांगायचे ते तू ठरव, पण एखाद्या मुलीला न सांगता तिच्या गळ्यात माळ घालू नकोस, आणि तुझ्या आईवडिलांशी बोलायला कुणी बरोबर हवे असेल तर मी येईन. चार वाक्ये होती. अकरा वर्षांपूर्वी ती बोलायला दोन मिनिटे पुरली असती. कारकुनाबद्दलही क्षमा मागितली.

भाऊबीजेला त्याचे उत्तर आले. त्यात माझ्यावर रागही नव्हता आणि मला सोडूनही दिले नव्हते. 'सर, पत्र मिळाले. बरे वाटले. तुम्ही तिलाही लिहा.'

ते पत्र मी अजून लिहिलेले नाही. तिचे पुन्हा लग्न झाले आहे, एक मुलगी आहे, असे कळते. माझ्या पत्राची गरज तिला आहे की मलाच आहे, याचा निवाडा होत नाही. तिच्या मिटलेल्या जखमेवरची खपली मी माझ्या समाधानासाठी काढू नये, असे एक मन म्हणते. हीच ती जुनी झाकली मूठ, नवा सदरा घालून आली आहे, असे दुसरे मन म्हणते. पण एक करता येण्याजोगे होते ते केले. या पावसाळ्यात पैठणला गेलो होतो तेव्हा तिच्या वडिलांना भेटलो. ते थकले आहेत. मी म्हणालो, "तुमच्या मुलीत काही खोट नव्हती. खोट माझ्या बोलण्यात होती. मला विचारलंत तेव्हा मी नुसतं 'लाखात एक' म्हणायला नको होतं." त्यांनी कारण विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. थोडा वेळ ते गोदावरीकडे पाहत बसले. मग म्हणाले, "सर, हे तुम्ही चार लोकांत म्हणाल का?"

म्हणून हा लेख.